खेळ थांबतो तेव्हा वय असते पस्तीस

तात्या टोपे नगरचे क्रीडासंकुल आपल्या कोटरा सुल्तानाबादपासून फार दूर नाही. त्यामुळे दुखावलेले गुडघे आणि खांदे घेऊन येणारी खेळाडू मुले आमच्या दवाखान्यांना नवीन नाहीत. आईवडिलांचा प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टरसाहेब, पुन्हा खेळेल ना?" खेळणे संपल्यावर पुढे काय, असे मला आजवर फारच थोड्यांनी विचारले आहे.

डॉक्टर आणि खेळाडू यांच्या मिळकतीचा आलेख अगदी उलटा असतो. आपली खरी मिळकत तिशीच्या सुमारास सुरू होते आणि हात स्थिर असेपर्यंत चालते. खेळाडूची मिळकत विशीत येते व पस्तिशीच्या आसपास थांबते; कधी एक लिगामेंट तुटल्याने त्याआधीही. दहा-बारा वर्षांच्या कमाईवर उरलेली चाळीस वर्षे काढावयाची असतात. आणि ती कमाई ज्या वयात हाती येते, त्या वयात आपण वसतिगृहाच्या खानावळीचे बिल वडिलांच्या मनीऑर्डरमधून भरत होतो!

या संदर्भात मला आपल्याच प्रांतातील चंदू सरवटे आठवतात. जन्म १९२० चा, सागरचा. १९४६ साली ओव्हलवर सरेविरुद्ध त्यांनी व शूट बॅनर्जी यांनी शेवटच्या गड्यासाठी २४९ धावांची भागी केली. दोघांचीही शतके झाली. होळकर संघाचे ते आधारस्तंभ होते आणि भारतासाठी नऊ कसोटी सामने खेळले. परंतु त्या काळी कसोटीवर घर चालत नसे. सरवटे कायदा शिकलेले आणि व्यवसायाने बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ होते. पुढे ते राष्ट्रीय निवड समितीवरही आले. दुसरी विद्या हाती असलेल्या माणसाला निवृत्तीचा दिवस इतका भिववीत नाही, असे मला वाटते.

खाशाबा जाधवांची कथा कठोर आहे. हेलसिंकीला जाण्यासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले होते. १९५२ चे कांस्यपदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांच्या उत्पन्नातून ते ऋण फेडले. १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. बढतीसाठी अनेक वर्षे थांबले. १९८४ मध्ये अपघाती मृत्यू आला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

आज ऑलिंपिक पदकविजेत्यास खेळ सोडल्यावर केंद्र शासनाचे निवृत्तिवेतन आहे. २०१८ मध्ये ते दरमहा २०,००० रुपये झाले. पण पदकापर्यंत पोहोचतात किती? राज्यस्तरावर खेळून गुडघा गमावलेल्या मुलाला त्यातले काहीच लागू होत नाही. त्याच्या घरच्यांना मी दोन साध्या गोष्टी सांगतो. पहिले बक्षीस मिळाले की मोटारसायकलीआधी सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते उघडा. सतराव्या-अठराव्या वर्षी उघडलेले खाते पंधरा वर्षांनी, म्हणजे नेमके मैदान सुटण्याच्या सुमारास, परिपक्व होते. आणि पदवी सोडू नका. बहिःस्थ परीक्षा द्या, पण द्या.

विम्याची बाब मात्र आपणा डॉक्टरांच्या हातची आहे. संघाने किंवा नोकरीने दिलेला आरोग्यविमा बहुधा त्यांच्याबरोबरच संपतो. मग नवी पॉलिसी घेताना आधीच्या तीन वर्षांत उपचार झालेला गुडघा 'पूर्वीचा आजार' ठरतो, आणि २०२४ च्या नियमांनुसार त्याच्या खर्चासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. आजार लपविला तर पुढे दावाच नाकारला जातो. म्हणून खेळ चालू असतानाच स्वतःची स्वतंत्र पॉलिसी घ्यावी, हे सांगण्यास दवाखान्यातील ती पाच मिनिटे पुरतात. शस्त्रक्रियेचा सारांश व एमआरआयचा अहवाल यांची एक प्रत मी आता मुलाच्या आईच्या हाती देतो. मुलांच्या किट-बॅगेत कागद टिकत नाहीत.