गोठलेले पाणी, झाकलेले पाणी आणि मासेमारीची होडी : मुळशी ते उजनी

प्रास्ताविक

हिवाळ्याच्या तोंडावर तलावावर जमू लागलेल्या बर्फातून मासेमारीची होडी कशी बाहेर काढावी, हा प्रश्न शीत कटिबंधातील देशांत व आपल्याकडे काश्मिरात दरवर्षी उभा राहतो. पुणे जिल्ह्यातील मुळशीच्या जलाशयावर तो उद्भवत नाही. परंतु ज्या मुळा नदीवर मुळशीचे धरण आहे, तीच नदी पुणे शहर ओलांडून पुढे भीमेला मिळते तेव्हा खालच्या जलाशयावर, जवळजवळ त्याच ऋतूत, होडी अडवणारा एक वेगळा थर पसरलेला असतो. तो जलपर्णीचा. हे दोन्ही थर पाण्यावर तरंगतात, दोन्हींवर माणसाला चालता येत नाही आणि दोन्हींतून वल्हवताही येत नाही. तरीही बर्फातून होडी नेण्याची युक्ती जलपर्णीत वापरली तर होडी अधिकच अडकते. असे का होते, याचे स्पष्टीकरण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मुळशीचे पाणी का गोठत नाही?

मुळशीचा जलाशय समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या मुळशी सत्याग्रहामुळे हे धरण महाराष्ट्राच्या इतिहासात नोंदले गेले आहे. विजेसाठी बांधलेल्या या धरणाचे बहुतांश पाणी पश्चिमेस, सह्याद्री भेदून, भिऱ्याच्या विद्युतगृहाकडे उतरते. येथे हिवाळ्यात धुके दाट असते व थंडीही बोचरी असते. पुणे शहरात १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश सेल्सिअस इतके नीचांकी तापमान नोंदले गेले आहे. हवा शून्याच्या इतकी जवळ येऊ शकते, तर पाणी का गोठू नये?

याचे उत्तर पाण्याच्या असंगत आचरणात आहे. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. पृष्ठभागावरचे पाणी थंड होऊन जड झाले की खाली जाते व खालचे उबदार पाणी वर येते. ही उलथापालथ सर्व पाणी ४ अंशांवर येईपर्यंत चालू राहते. त्यानंतरच पृष्ठभागाचे पाणी हलके होऊन वर टिकते आणि गोठू शकते. म्हणजे तलाव गोठण्याआधी त्याला आपल्या संपूर्ण खोलीची उष्णता हवेला द्यावी लागते. उदाहरणादाखल १० मीटर खोलीचा, २० अंश तापमानाचा जलस्तंभ घेऊ. त्याच्या प्रत्येक चौरस मीटरखाली दहा हजार किलो पाणी असते व ते ४ अंशांवर आणण्यासाठी सुमारे ६७० मेगाज्यूल उष्णता काढावी लागते. निरभ्र रात्री प्रारणाने चौरस मीटरमागे साधारण ७० वॅट निघून जातात असे धरले, तर तेरा तासांच्या रात्रीत ३.३ मेगाज्यूल जातात. या हिशोबाने मधे एकदाही सूर्य न उगवता सलग दोनशे रात्री लागतील. आपल्याकडचा हिवाळ्यातला सूर्य मात्र रात्रीची उणीव दिवसा भरून काढतो.

याचा दृश्य पुरावा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर मिळतो. सुमारे १३७० मीटर उंचीवरच्या या गिरिस्थानी, १८४२ मध्ये बांधलेल्या तलावाच्या काठी, कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठून हिमकण दिसतात. होड्यांच्या फळ्यांवर, धक्क्यावर, गवतावर व उभ्या मोटारींच्या टपांवर पांढरा थर येतो, पण फळीखालचे पाणी हलते राहते. पातळ फळीत साठलेली उष्णता अत्यल्प असते. ती आकाशाकडे प्रारणाने देऊन फळी भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते व शून्याखाली जाते. तलावाला ते शक्य होत नाही. (आपली पाठ्यपुस्तके असंगत आचरण शिकवताना ध्रुवप्रदेशातील बर्फाखालच्या माशांचे चित्र देतात. वेण्णा तलावावरची हिमाच्छादित होडी व तिच्याखालचे मोकळे पाणी ही जोडी मराठी विद्यार्थ्याला अधिक जवळची, आणि माझ्या मते अधिक बोलकी आहे.)

बर्फातून होडी

श्रीनगरच्या दल सरोवराची गोष्ट निराळी. त्याची उंची १५८० मीटरच्या आसपास, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा फार नाही, परंतु ते बरेच उत्तरेस आहे व उथळ आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चालणाऱ्या चिल्लई कलानमध्ये त्याचा पृष्ठभाग अनेकदा गोठतो. जानेवारी २०२१ मध्ये तेथील तापमान उणे ८ अंशांच्याही खाली गेले होते. अशा सकाळी शिकारेवाले वल्ह्याने बर्फ फोडत वाट काढतात.

सुरुवातीचा बर्फ झपाट्याने जाड होतो व पुढे त्याचा वेग मंदावतो, कारण तयार झालेला बर्फच खालच्या पाण्याचे पांघरूण बनतो. योसेफ श्टेफान या शास्त्रज्ञाने १८९१ मध्ये मांडलेल्या नियमानुसार बर्फाची जाडी साठलेल्या थंडीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जाडी दुप्पट होण्यासाठी चौपट थंडी लागते. पहिल्या काही रात्रींतच होडीची अडचण सुरू होते ती यामुळे. दुसरीकडे, माणसाने निर्धास्त पायी जावे यासाठी साधारण १० सेंटिमीटर चांगला बर्फ हवा असे मानतात. या दोहोंमधला काळ मच्छीमाराला सर्वांत अडचणीचा असतो.

बर्फाचा एक गुण मात्र होडीच्या बाजूने असतो. बर्फ दाबाला चिवट असला तरी वाकवण्याला कमकुवत असतो. त्याच्या कडेवर समोरून धडक दिली तर तो दाद देत नाही, पण त्यावर वरून भार टाकला की तो वाकतो व कडकन मोडतो. मोठ्या हिमभंजक जहाजांची नाळ, म्हणजे पुढचे टोक, उतरते असते ते याचसाठी. जहाज बर्फावर चढते व आपल्या वजनाने त्याला खाली मोडते. लहान होडीतही हेच तत्त्व चालते. भार मागे सरकवून नाळ उचलायची, होडी बर्फाच्या कडेवर चढवायची, मग भार पुढे आणून बर्फ मोडायचा. वल्ह्याने फोडतानाही घाव आडवा न घालता वरून घालायचा. मोडलेले तुकडे बाजूला सरतात किंवा कडेखाली जातात, त्यामुळे पुढच्या प्रत्येक मीटरला जवळपास तेवढेच श्रम पडतात.

यात धोकाही आहे. पातळ बर्फाची कड करवतीसारखी धारदार असते व लाकडी होडीच्या फळ्या पाण्याच्या रेषेपाशी ती हळूहळू कापत जाते. त्यासाठी थंड देशांतले होडीवाले नाळेला व दोन्ही बाजूंना पत्रा ठोकतात. ओल्या जाळ्यांवर व होडीच्या कडांवर गोठणारे पाणी तिचे वजन वरच्या अंगाला वाढवते, हा दुसरा धोका.

जलपर्णीतून होडी

आता मुळेच्या खालच्या अंगाकडे वळू. मुळशीच्या वरच्या बाजूला मोठे शहर नाही, त्यामुळे सह्याद्रीच्या पावसाने भरणाऱ्या त्या पाण्यात वनस्पतीला लागणारी पोषकद्रव्ये कमी असतात. पुढे पवना दापोडीला व मुठा पुण्यातील संगमावर मुळेला मिळते, आणि पुणे व पिंपरी-चिंचवड या शहरांचे सांडपाणी, त्यातला काही भाग प्रक्रियेविनाच, या नद्यांत उतरते. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि ते सारे पाणी १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या, एकूण ११७ अब्ज घनफूट क्षमतेच्या, यशवंतसागर जलाशयात साठते. नत्र व स्फुरदाने समृद्ध असे हे पाणी जलपर्णीला आयतेच खत ठरते. मुळशीचे पाणी पश्चिमेस वळवल्यामुळे खालच्या नदीला सांडपाणी पातळ करणारा प्रवाह तेवढा कमी मिळतो, हेही येथे विसरता येत नाही. हे पाणी पूर्वेकडे द्यावे अशी मागणी पुण्यात अधूनमधून होते ती प्रामुख्याने पिण्याच्या पाण्यासाठी. नदीच्या अंगाने तिचा विचार क्वचितच होतो.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्याची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती शोभेची वनस्पती म्हणून बंगालमध्ये आली. देठांत हवा भरलेली असल्याने ती तरंगते, आडव्या धावत्या खोडांनी एक रोप दुसऱ्याला जोडलेले राहते आणि अनुकूल परिस्थितीत एक ते दोन आठवड्यांत तिचा विस्तार दुप्पट होतो. पावसाळ्यात पुराबरोबर ती शहरातील नदीपात्रांतून खाली वाहून येते. ऑक्टोबरनंतर प्रवाह मंदावला की वाहून नेणारे कोणी नसते व ताटवे साचू लागतात. कडाक्याच्या हिमात तिची पाने मरतात, पण आपल्या हिवाळ्यात तेवढे हिम पडत नाही. तिची वाढ मंदावते, थांबत नाही. ज्या उबेमुळे मुळशीचे पाणी गोठत नाही, तीच ऊब जलपर्णीला हिवाळाभर तगवते.

या थराचे वजन लक्षात घेण्याजोगे आहे. दाट वाढलेली ओली जलपर्णी चौरस मीटरला ४० किलो वा त्याहूनही अधिक भरते. तेवढ्या वजनाचा बर्फ सुमारे साडेचार सेंटिमीटर जाडीचा असेल. म्हणजे वजनाच्या दृष्टीने जलपर्णी हा सुरुवातीच्या हिवाळी बर्फापेक्षा हलका अडथळा नाही. फरक आहे तो मोडण्यात. बर्फ ठिसूळ असतो व जलपर्णी लवचिक. तिच्यावर नाळ चढवली तर ती खाली दबते आणि होडी पुढे सरकताच पुन्हा वर येते. समोरून रेटा दिला तर ताटवा मोडत नाही, तर नाळेपुढे गोळा होतो. झाडूपुढे पाचोळा जमावा तसा तो दर हाताला जाड होत जातो, खालची लोंबणारी मुळे एकमेकांत गुंततात आणि विरोध अंतरागणिक वाढत जाऊन होडी थांबते. जोर लावणाऱ्याचा जोर त्याच्याच विरुद्ध जातो. यंत्र असेल तर पंख्याला मुळे व देठ वेटोळे घालतात आणि यंत्र बंद करून, ते वर उचलून, हाताने पंखा मोकळा करावा लागतो.

म्हणून येथे भाराचा उपयोग नाही, धारेचा व ओढीचा आहे. ताटवा नाळेपुढे साचू देण्याआधीच कापावा लागतो. होडीत दोन माणसे हवीत. पुढचा माणूस कोयत्याने किंवा लांब बांबूला बांधलेल्या विळ्याने ताटव्याची जोडणारी खोडे तोडतो, सुटा झालेला तुकडा होडीच्या कडेने मागे ढकलतो. मागचा माणूस तो आणखी मागे सोडून बांबूने होडी रेटतो. अशा रीतीने साचणारे ओझे नाळेवरून उतरवले जाते. सपाट बुडाची होडी यासाठी सोयीची, कारण मुळांत रुतायला तिला खोल तळ नसतो. पाच मीटर रुंदीच्या ताटव्यातून जायला कापत जाणे परवडते, पाचशे मीटरमधून नाही. तेथे वळसा घालणे किंवा वाट पाहणे हाच उपाय उरतो.

वाट कशाची पाहायची, याही बाबतीत दोन्ही थर वेगळे आहेत. बर्फाच्या प्रदेशात मच्छीमार दुपारच्या उन्हाची वाट पाहतो, जलपर्णीत वाऱ्याची. ताटवे वाऱ्याबरोबर सरकतात. वारा ज्या काठावर आदळतो तेथे ते दाटतात व ज्या काठावरून पाण्याकडे सुटतो तो काठ मोकळा होतो. बर्फात फोडलेली वाट गोठून बंद व्हायला रात्र जावी लागते. जलपर्णीतली वाट वारा फिरल्यावर घटकाभरात मिटू शकते, आणि पहाटे मोकळ्या पाण्यातून गेलेल्या होडीला परतताना धक्का सापडत नाही. रात्री उभी लावलेली जाळी सरकत्या ताटव्याने ओढली जाऊन फाटतात वा हरवतात. कमाईचा दिवस बुडण्यापेक्षा हे नुकसान मोठे, कारण जाळे भांडवल असते.

थराखाली काय घडते हेही मासेमारीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. प्रकाश अडल्याने पाण्यातील सूक्ष्म वनस्पतींची प्राणवायूनिर्मिती थांबते, कुजणारी पाने उरलेला प्राणवायू खातात. जाड बर्फाखालीही मासे अशाच कारणाने गुदमरतात. मागुरसारखे हवेतून श्वास घेऊ शकणारे आणि तिलापियासारखे कमी प्राणवायू सोसणारे मासे टिकतात, बाकीचे मोकळ्या पाण्याकडे सरकतात. त्यामुळे ताटव्यात घुसून मिळणारी मासळी बहुधा श्रमांच्या मानाने थोडीच असते.

थर हटवण्याचा हिशोब

चौरस मीटरला ४० किलो धरले तर हेक्टरी ४०० टन ओला माल पाण्याबाहेर काढावा लागतो, आणि त्यातील सुमारे ९५ टक्के पाणीच असते. यंत्राने काढताना दहावा हिस्सा मागे राहिला आणि दुपटीचा काळ दोन आठवडे धरला, तर सुमारे दीड महिन्यात पृष्ठभाग पुन्हा भरतो. शिवाय तळातील बी अनेक वर्षे जिवंत राहते. तणनाशकाने मारलेली जलपर्णी तळाशी बसून कुजते व आपली पोषकद्रव्ये पाण्यालाच परत देते. नियोकेटिना वंशाचे भुंगे भारतात १९८० च्या दशकात सोडण्यात आले. १९९० च्या दशकात आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरावर, जेथे किसुमू बंदर जलपर्णीने बंद पडले होते, या भुंग्यांचा चांगला उपयोग झाला. मात्र त्यांना काही वर्षे निवांत ताटवे लागतात, आणि आपल्याकडे ताटवे दर पावसाळ्यात वाहून जातात व भुंगेही त्यांच्याबरोबर जातात.

मच्छीमाराच्या गरजेपुरता विचार केला तर संपूर्ण जलाशय साफ होण्याची वाट पाहावी लागत नाही. त्याला धक्क्यापासून खोल पाण्यापर्यंत एक अरुंद मोकळी पट्टी हवी असते. पाण्यावर तरंगणारे बांबूंचे किंवा पिंपांचे अडसर दोरीने बांधून वाऱ्याच्या बाजूने तिरपे सोडले की ताटवे त्यांना घासून पुढे सरकतात. अडसर वाऱ्याला काटकोनात बांधले तर साचणाऱ्या ओझ्याने दोर तुटतात. जलाशयाची पातळी हिवाळ्यापासून उतरत जाते, म्हणून दोराची लांबी दर आठवड्याला बदलावी लागते व धक्काही पाण्यामागे सरकवावा लागतो. पट्टीत शिरलेली सुटी रोपे रोज सकाळी, ती एकमेकांना जोडली जाण्यापूर्वी, हाताने उचलून काठावर टाकली तर कोयता काढण्याची वेळ येत नाही. काठावर टाकलेली रोपे पाण्याच्या रेषेपासून दूर वाळवावी लागतात, नाहीतर पाणी पुन्हा चढताच ती तरंगत परत येतात.