दाणा न टिपणारी कोंबडी



मागच्या जूनमध्ये झरी जामणी तालुक्यातील एका पोडावर बचत गटाच्या बैठकीसाठी मी सकाळीच पोहोचले होते. पोड म्हणजे कोलाम बांधवांची वस्ती. बायका जमत होत्या, तेवढ्यात आठ-नऊ वर्षांची एक मुलगी काखेत काबरी कोंबडी घेऊन आली. "ताई, माही कोंबडी कालपासून दाणा खाऊन नाही राहिली," एवढेच ती म्हणाली आणि रडू लागली. कोंबडी तिची स्वतःची होती. आईविना राहिलेले पिल्लू तिने हातावर कणी भरवून वाढवले होते. आजी मात्र व्यवहाराचे बोलली, "मरन त वाया जाईन. आजच कापून टाकू."

मी आजीला दोष देत नाही. पोडावर एक गावरान कोंबडी विकली की चार-पाचशे रुपये मिळतात. त्यातून दवाखान्याला जायचे भाडे निघते, वही-पेन येते, पाहुण्याचा मान राखला जातो. कापसाचा पैसा घरधन्याच्या हातात जातो, कोंबडीचा पैसा बहुधा बाईच्या हातात राहतो. म्हणून कोंबडीने दाणा सोडला की नेमके काय करावे, हे शिकणे आणि शिकवणे हा आपल्या सेवेचाच भाग आहे. आपल्यापैकी ज्यांच्या परसात मुलांची लाडकी कोंबडी असेल, त्यांनाही याचा उपयोग होईल.

आधी पाहा, मग द्या

दाणा सोडणे हा आजार नव्हे, ती आजाराची खूण आहे. आपण घाईने चोच उघडतो आणि घशात पाणी ओततो. इथेच पहिली चूक होते. कोंबडीच्या जिभेमागे लगेच श्वासनळीचे तोंड असते. ओतलेले पाणी त्यात गेले तर कोंबडी आजाराने नव्हे, आपल्या हाताने मरते. पाणी द्यायचे तर चोचीच्या कडेला एकेक थेंब लावावा. तो ती स्वतः गिळते.

प्रथम कोंबडी इतरांपासून वेगळी करावी. सावलीत, वारा लागेल पण झोत लागणार नाही अशा जागी डाल्याखाली ठेवावी. मग शांतपणे पुढील गोष्टी पाहाव्यात.

ती खुडूक तर नाही? अंड्यांवर बसलेली कोंबडी दिवसातून एखाद्या वेळीच उठते, थोडे खाते-पिते आणि परत बसते. हात लावला की पिसे फुलवून ओरडते. हा आजार नाही. दाणा-पाणी तिच्याजवळ ठेवले की पुरे.

ऊन लागले का? कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश असते. आपल्याकडच्या मे महिन्यात ती चोच उघडून, पंख पसरून धापा टाकते आणि दाणा टाळते. सावली, गार पाणी आणि पाय ओले करणे हाच उपाय. दाणा सकाळी लवकर व सायंकाळी घालावा.

छातीचे हाड कसे लागते? मध्ये सुरीच्या धारेसारखे टोचत असेल तर दुखणे आजचे नाही, बरेच दिवसांचे आहे. बहुधा जंत असतात. जंताचे औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातून वजनाप्रमाणे घ्यावे.

विष्ठा कशी आहे? घट्ट विष्ठेवर पांढरा थर असणे हे निरोगीपणाचे लक्षण आहे. पावसाळ्यात पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसले तर ती रक्ती हगवण. तिच्यावर औषध आहे, पण उशीर चालत नाही. ओली जमीन कोरडी ठेवणेही तितकेच गरजेचे. हिरवट-पांढरी पातळ हगवण मात्र धोक्याची आहे. तिच्याविषयी पुढे लिहिते.

तुऱ्यावर, डोळ्यांभोवती खपल्या आहेत का? त्या देवीच्या असू शकतात. डास हा रोग पसरवतात. तोंडात फोड आले असतील तर भूक असूनही कोंबडीला गिळता येत नाही. तिला मऊ अन्न द्यावे.

शेवटी गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपावी. दिवसभर टिपलेला दाणा आधी तिथे साठतो. सायंकाळी ती भरलेली असते आणि सकाळी दाणा घालण्याआधी रिकामी असायला हवी.

त्या मुलीच्या कोंबडीची पिशवी सकाळी सातला लिंबाहून मोठी आणि घट्ट लागत होती. आत काहीतरी अडकले होते. कोमट पाण्याचे थेंब चोचीच्या कडेने देत, दर दोन-तीन तासांनी पिशवीवर बोटांनी अगदी हलके चोळायचे, असे मी मुलीला दाखवले. कोंबडीला उलटे टांगून पिशवी रिकामी करू नका, असेही बजावले, कारण त्यानेही पाणी श्वासनळीत जाते. दुसऱ्या दिवशी दुपारी पोत्याच्या सुतळीचा गुंता विष्ठेतून पडला. तिसऱ्या दिवशी कोंबडी भिजवलेली कणी टिपू लागली. पिशवी अशी मोकळी झाली नसती, तर तिला डॉक्टरांकडेच न्यावे लागले असते.

अशक्त कोंबडीला एक लिटर पाण्यात चमचाभर गूळ आणि चिमूटभर मीठ घालून ते पाणी काही तास ठेवावे, मग साधे पाणी. अन्न मऊ आणि थोडे द्यावे: भिजवलेली कणी, मऊ भात, उकडलेल्या अंड्याचा चुरलेला बलक. दाण्याविना ती एक-दोन दिवस निभावते, पण आपल्या उन्हात पाण्याविना नाही. घरातल्या माणसांच्या गोळ्या कोंबडीला देऊ नयेत. आणि पेरणीच्या दिवसांत औषध लावलेले बियाणे किंवा फवारणीच्या शेतातले किडे खाऊन ती पडली असेल, तर तिचे मांस कोणीही खाऊ नये. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात किती घरे उजाड झाली, हे आपल्याला सांगायला नको.

मानमोडी

आता त्या हिरवट हगवणीविषयी. सोबत धाप, मिटलेले डोळे, लुळा पडलेला पंख किंवा पाय आणि पिळवटलेली मान असेल तर ती मानमोडी. डॉक्टर तिला राणीखेत म्हणतात. १९२६ मध्ये हा रोग इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे आणि जावा बेटावर ओळखला गेला. त्यानंतर लवकरच कुमाऊंमधील राणीखेत येथे तो दिसला आणि आपल्या देशात तेच नाव पडले. हा विषाणूचा रोग आहे. त्यावर औषध नाही. लस न दिलेल्या वस्तीत तो शिरला तर जवळजवळ सगळ्या कोंबड्या जाऊ शकतात.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी नाताळच्या देणगीतून आम्ही एका वस्तीवर कोंबडीची पिल्ले वाटली. त्या वाटपाचा फोटो याच वार्तापत्रात आला होता. पिल्लांना लस दिली आहे का, हे आम्ही विचारले नाही. ती काही दिवस वेगळी ठेवली नाहीत. दोन आठवड्यांच्या आत पहिल्या पिल्लाने मान टाकली. महिनाभरात वाटलेली पिल्ले गेली आणि त्यांच्यासोबत बायकांच्या घरच्या जुन्या कोंबड्याही गेल्या. मदत घेऊन गेलेले आम्हीच रोगही घेऊन गेलो होतो. कोणी आम्हाला शब्दानेही बोलले नाही. एका बाईने रिकामे डाले पालथे घालून त्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या, एवढे मी पाहिले. वाटपाचा फोटो आम्ही छापला, पुढचे छापले नाही. ते आज लिहिते आहे.

मानमोडीवर उपाय आहे, पण तो आजाराआधी करायचा असतो. पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकतात. चौथ्या आठवड्याच्या सुमारास तो पुन्हा देतात. आठव्या आठवड्यानंतर आर-टू-बी लसीचे इंजेक्शन पंखाजवळ कातडीखाली देतात. ही लस मुक्तेश्वर येथील पशुवैद्यकीय संस्थेत तयार झालेल्या विषाणूच्या जातीपासून बनते. पुढचे डोस पशुवैद्यकांना विचारून द्यावेत. आजारी कोंबडीला लस देत नाहीत.

मग अडते कुठे? लसीची एक कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांसाठी असते आणि एका घरी कोंबड्या सहा-आठ. लस २ ते ८ अंशांत, बर्फावर ठेवावी लागते. पाण्यात कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. म्हणून एका घराने ठरवून होत नाही. सगळ्या पोडाने एकाच दिवशी ठरवावे लागते. कोंबड्याही दिवसा हाती लागत नाहीत. पहाटे अंधारात, त्या डाल्याखाली असतानाच धराव्या लागतात. आता बचत गटाच्या दोन बायका हे काम शिकल्या आहेत. उन्हाळ्याआधी एकदा आणि हिवाळ्याआधी एकदा त्या घरोघर फिरतात. बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवायची, हा नियमही पोडाने स्वतः केला आहे.

एक सूचना सर्वांनाच. एकाच वेळी अनेक कोंबड्या मरू लागल्या तर त्या कापू नयेत, विकू नयेत, नाल्यात टाकू नयेत. खोल खड्ड्यात चुना टाकून पुराव्यात, हात साबणाने धुवावेत आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर लगेच कळवावे. बर्ड फ्लू आपल्या राज्याला नवा नाही. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला आणि २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्याला तो आला होता. मानमोडी की बर्ड फ्लू, हे तपासणीशिवाय कळत नाही.

आपल्याकडे मागणे

येत्या नाताळला काही मंडळ्या पुन्हा पिल्लांसाठी देणगी देऊ इच्छितात. आपल्या प्रेमाबद्दल आभार. माझी नम्र विनंती आहे की आधी लस, बर्फाची पेटी आणि दवाखान्यापर्यंतचे भाडे यांसाठी द्यावे, पिल्ले त्यानंतर. बर्फाच्या पेटीचा फोटो काही सुंदर येत नाही, पण तिच्यामुळे बाईच्या दारातली कोंबडी जगते.

प्रभू येशूने यरुशलेमेसाठी शोक करताना स्वतःला पिल्लांना पंखांखाली घेऊ पाहणाऱ्या कोंबडीची उपमा दिली. मत्तय आणि लूक या दोघांनीही ते नोंदले आहे. खेड्यातले घरचे चित्रच त्याने उचलले. ती कोंबडी पंख पसरते ते संकट पिल्लांपर्यंत पोहोचण्याआधी. आम्ही मात्र त्या वस्तीवर नंतर पोहोचलो होतो.

ती काबरी कोंबडी आज बरी आहे. दिवाळीनंतर ती खुडूक बसली आणि नऊ पिल्ले निघाली. सहाव्या दिवशी पहाटे त्या मुलीने एकेक पिल्लू हातात धरले आणि बचत गटाच्या ताईने थेंब टाकला. आजी कंदील धरून उभी होती.

या दोन लस-सेविकांसाठी आणि पोडावरील सर्व घरांसाठी कृपया प्रार्थना करा.

प्रभूच्या सेवेतील आपली बहीण