ब्रश घेताना केस कशाचा, ते पाहा

रमजान जवळ आला की मोताळ्यात घरादारांची, मशिदींची रंगरंगोटी निघते. ब्रशाचा भाव सारेच विचारतात. केस कशाचा, हे क्वचितच कोणी विचारतो.

तैलरंगाच्या जुन्या धाटणीच्या ब्रशाला बहुधा डुकराचे राठ केस असतात. त्यांची टोके फाटलेली असल्याने ते रंग भरपूर धरतात, म्हणून कारागीर ते सोडत नाहीत. पाण्याच्या रंगात मात्र हेच केस भिजून लुळे पडतात. तेथे नायलॉन-पॉलिस्टरच सरस. चुना तर प्राण्याचा कोणताही केस खाऊन टाकतो, म्हणून कुंचा काथ्याचा वा घायपाताचा. बोर्ड रंगवणाऱ्या पेंटर बांधवांनी मुंगसाच्या केसाच्या ब्रशाला हातही लावू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे.

ओळखायचे कसे? दोन-चार केस उपटून काडी लावा. केस जळाल्याचा वास आला आणि राख चुरली तर प्राण्याचा. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन. प्राणी कोणता, हे यातून कळत नाही. ते विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्यावे.

आम्हाला खरी काळजी भिंतीची नाही, बेकरीची आहे. पावावर तेल फिरवायला रंगाचाच ब्रश घेतलेला आम्ही पाहिला आहे. मलेशियात २०१७ साली डुकराच्या केसांच्या संशयावरून लेबल नसलेले दोन हजारांवर ब्रश जप्त झाले. हनफी फिकहच्या जुन्या ग्रंथांत चामडे शिवण्यापुरती या केसांची सवलत आढळते, तीही निरुपाय म्हणून. आज नायलॉन सहज मिळते. बेकरीवाल्यांनी तेच घ्यावे, आणि हार्डवेअरवाल्यांनी दोन्ही ब्रश वेगळ्या खोक्यांत ठेवावेत.