बिनपगारी, फुल अधिकारी

२५ जानेवारी २०१९. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाकडे निघायची विमाने सकाळी काही काळ जागच्या जागी रोखून धरण्यात आली. वॉशिंग्टन आणि जॅक्सनव्हिल इथल्या हवाई वाहतूक नियंत्रण केंद्रांत माणसे कमी पडली होती. मोजक्याच नियंत्रकांनी आजारपणाची रजा टाकली होती, पण तेवढ्यानेही पूर्व किनाऱ्याचे वेळापत्रक कोलमडले. दिवस शुक्रवारचा, पगाराचा. दोन आठवड्यांपूर्वीच्या पगारपत्रकावर शून्य डॉलर आले होते आणि आज सलग दुसरा पगार बुडाला होता. सीमेवरच्या भिंतीच्या निधीवरून ३५ दिवस चाललेला सरकारी शटडाउन मिटल्याची घोषणा राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याच दुपारी केली.

अमेरिकेचे आकाश सांभाळणारे खाते म्हणजे फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन, एफएए. १९५६मध्ये ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानांची टक्कर होऊन १२८ जण दगावले. त्या धक्क्यानंतर १९५८च्या कायद्याने नागरी आणि लष्करी विमानांचे सारे आकाश एका खात्याच्या हाती देण्यात आले. आज हे खाते दिवसाला ४४ हजारांहून अधिक उड्डाणे हाताळते.

त्यातला नियंत्रक आयत्या वेळी बाहेरून आणता येत नाही. एकतिशीच्या आत नोकरीत शिरायचे, ओक्लाहोमा सिटीच्या अकादमीत काही महिने घासायचे, मग नेमणुकीच्या ठिकाणी दोन-तीन वर्षे वरिष्ठाच्या नजरेखाली काम करायचे, तेव्हा कुठे विमाने स्वतंत्रपणे हाताळायला मिळतात. छप्पन्नाव्या वर्षी निवृत्ती. एवढी गाळणी असल्याने माणसांचा तुटवडा कायमचाच, आजमितीला सुमारे तीन हजारांचा. म्हणून अनेक केंद्रांत आठवड्याचे सहा दिवस, रोज दहा-दहा तास ड्यूटी चालते. शटडाउन येतो तो या आधीच ताणलेल्या दोरीवर.

अमेरिकी सरकारचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. तोवर संसदेने खर्चाला मंजुरी दिली नाही, तर १८८४च्या एका कायद्यानुसार सरकारी खात्याला पैसे खर्च करता येत नाहीत. पूर्वी खाती तरीही कशीबशी चालत. १९८०मध्ये ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी कायद्याचा कडक अर्थ लावला आणि कार्यालयांना कुलपे लागू लागली. मोठा अपवाद म्हणजे जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणाचे काम. नियंत्रक आणि विमानतळावर प्रवाशांची झडती घेणारे टीएसएचे कर्मचारी या अपवादात बसतात. म्हणजे त्यांनी कामावर यायचे, पगार मात्र मिळेल तेव्हा. आपल्याकडे अशा माणसाला ‘बिनपगारी, फुल अधिकारी’ म्हणतात. आपण ते थट्टेने म्हणतो, तिथे ती कायद्याची स्थिती आहे.

संप करावा, तर तोही गुन्हा. १९८१च्या ऑगस्टमध्ये नियंत्रकांनी संप केला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी दोन दिवसांत अकरा हजारांहून अधिक जणांना बडतर्फ केले. ती आठवण अजून पुसलेली नाही. हाती उरते ती एक आजारपणाची रजा. २०१९च्या शटडाउनमध्ये एका दिवशी टीएसएचे दहा टक्के कर्मचारी गैरहजर होते. आदल्या वर्षी त्याच दिवशी हे प्रमाण जेमतेम तीन टक्के होते. सगळ्यांनाच काही ताप आलेला नव्हता. कामावर जायला गाडीत पेट्रोल लागते, मुलांना पाळणाघरात ठेवायला पैसे लागतात. एडमंटनच्या कॅनेडियन नियंत्रकांनी अँकरेजच्या सहकाऱ्यांना पिझ्झा पाठवला, आणि मग कॅनडाभरातून पिझ्झा येऊ लागले. गोष्ट गोड आहे. पण महासत्तेच्या नियंत्रकांचे जेवण शेजाऱ्यांनी पुरवावे, हे तितकेच कडू.

गंमत अशी की विमानवाहतुकीसाठी पैसा गोळा होतच असतो. तिकिटावर साडेसात टक्के कर असतो आणि तो १९७० साली स्थापन झालेल्या खास निधीत जमा होतो. पण संसदेच्या मंजुरीशिवाय त्याला हात लावता येत नाही. २०११च्या जुलैमध्ये खात्याच्या अधिकारपत्राचीच मुदत संपली, तेव्हा सुमारे चार हजार कर्मचारी घरी बसले. काही विमानतळ निरीक्षक बिनपगारी राहून, प्रवासखर्च स्वतःच्या खिशातून करत तपासणीला जात राहिले. तिकिटावरचा करही त्या दोन आठवड्यांत थांबला, आणि बहुतेक विमान कंपन्यांनी तेवढेच भाडे वाढवून ती रक्कम खिशात घातली.

२०१३च्या एप्रिलमध्ये खर्चकपातीपोटी नियंत्रकांना सक्तीची बिनपगारी रजा देण्यात आली. विमानांना उशीर होऊ लागताच संसदेने आठवडाभरात पळवाट काढली. प्रवासी अडला की संसद हलते. कर्मचाऱ्याचे घर अडले तर वाट पाहता येते, असा याचा सरळ अर्थ.

२०२५मध्ये हाच खेळ ४३ दिवस चालला. ६ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियातल्या बरबँकच्या टॉवरमध्ये काही तास एकही नियंत्रक नव्हता. नोव्हेंबरमध्ये सरकारनेच चाळीस मोठ्या विमानतळांवरची उड्डाणे कमी करायला लावली, चार टक्क्यांपासून सुरुवात करून. शटडाउन संपल्यावर परिवहन खात्याने एकही दिवस न चुकवणाऱ्यांना दहा हजार डॉलरचे बक्षीस दिले. हजारो नियंत्रक आणि तंत्रज्ञांमधून त्याचे मानकरी ठरले ७७६ जण. ज्याला एखाद्या दिवशी मुलासाठी घरी थांबावे लागले, त्याच्या वाट्याला काही नाही.

हे टाळता येते. कॅनडाने १९९६मध्ये नियंत्रणाचे काम नॅव्ह कॅनडा या ना-नफा कंपनीकडे सोपवले. ती विमान कंपन्यांच्या शुल्कावर चालते. आपले विमानतळ प्राधिकरणही विमानांकडून शुल्क घेते. नियंत्रकांची टंचाई भारतातही आहे, पण अर्थसंकल्प रखडला तर राज्यघटनेने लेखानुदानाची सोय ठेवली आहे. संसदेतल्या भांडणापायी मुंबईच्या टॉवरमधला पगार अडत नाही.

अमेरिकेत २०१९च्या कायद्याने थकलेला पगार नंतर मिळण्याची हमी दिली आहे. पण घराचा हप्ता ‘नंतर’ थांबत नाही. लोकप्रतिनिधींचा स्वतःचा पगार शटडाउनमध्येही चालूच असतो. आणि १२ नोव्हेंबर २०२५ला मोठ्या घासाघिशीनंतर जी तडजोड झाली, तिने एफएएला पैसे दिले ते ३० जानेवारी २०२६पर्यंत. अवघ्या अकरा आठवड्यांपुरते.