व्हॅलेंटाइनला पाठवताय ते जॅझ गाणं खरंच प्रेमाचं आहे का?

मंद पियानो, हळवा आवाज आणि कॅप्शनमध्ये लाल बदाम! जुनी जॅझ गाणी रील्सवर अशी ऐकू येतात, की वाटावं ही सगळी सुखी जोडप्यांसाठीच लिहिली आहेत. पण शब्द नीट ऐकलेत तर चित्र वेगळंच दिसतं.

टॉर्च साँग म्हणजे काय?

इथे टॉर्च म्हणजे मशाल. समोरच्याचं आपल्यावर प्रेम नसलं तरी आपल्या मनातली ज्योत विझू न देणं, याला इंग्रजीत ‘मशाल वाहणं’ म्हणतात. त्यावरूनच एकतर्फी किंवा तुटलेल्या प्रेमाच्या गाण्यांना ‘टॉर्च साँग’ हे नाव पडलं. अशी तीन गाणी पाहूया.

माय फनी व्हॅलेंटाइन

रॉजर्स आणि हार्ट या जोडीने हे गाणं १९३७ साली ‘बेब्स इन आर्म्स’ या संगीत नाटकासाठी लिहिलं. यातला व्हॅलेंटाइन म्हणजे सण नव्हे, तर नाटकातल्या नायकाचं नाव! नायिका त्याच्या रूपातल्या उणिवा एकेक करून मोजते आणि शेवटी म्हणते, तू आहेस तसाच राहा. हे टॉर्च साँगच्या सुरात गायलं जातं, पण यात कौतुकापेक्षा स्वीकार जास्त आहे.

क्राय मी अ रिव्हर

ज्युली लंडनने १९५५ साली फक्त गिटार आणि बासच्या साथीने हे गाणं गाजवलं. सूर रडवेला असला तरी ही विनवणी नाही. सोडून गेलेला प्रियकर पस्तावून परत आलाय आणि ती त्याला सुनावतेय, ‘मी खूप रडले, आता तुझी पाळी.’

माय मॅन

मूळ फ्रेंच गाणं १९२० चं. इंग्रजीत ते आधी फॅनी ब्राइसने आणि पुढे बिली हॉलिडेने गायलं. यातला पुरुष बाईशी एकनिष्ठ नाही, तिला मारतोही. तरी तिला त्याला सोडवत नाही. पंधरा सेकंदांच्या रीलमध्ये मात्र फक्त ‘मी कायम त्याचीच’ एवढंच उरतं आणि तिची अगतिकता निष्ठा वाटू लागते.

मार सहन करणं म्हणजे प्रेम नव्हे. म्हणून एखादं गाणं कुणाला पाठवण्याआधी ते एकदा पूर्ण ऐका. सूर गोड असला म्हणजे गोष्ट गोड असतेच असं नाही.