धामणकर नाक्यावरील भाड्याची घरे

कापडाचा एक तागा उधार द्यावयाचा झाला, तरी भिवंडीचा व्यापारी तो वहीत टिपल्यावाचून देत नाही. देणारा सख्खा भाऊ असो की घेणारा जुना मित्र असो, नाव, मिती व रक्कम लिहिली जातेच. आणि तसे लिहिण्यात कोणासही अपमान वाटत नाही. परंतु तोच गृहस्थ आपली खोली भाड्याने देतो, तेव्हा वही मिटून ठेवतो. दलाल मध्ये पडतो, अनामत रकमेच्या नोटा हातोहात मोजल्या जातात, किल्ली दिली जाते आणि सारा व्यवहार तोंडी आटोपतो. ज्यात एका कुटुंबाचे डोके झाकावयाचे आणि दुसऱ्याच्या आयुष्याची मिळकत गुंतावयाची, तो व्यवहार एका ताग्याहून हलका कसा, हा प्रश्न आम्ही आज आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहो.

धामणकर नाक्याचा परिसर हा या रीतीचा नमुना होय. यंत्रमागांवर पोट भरण्यास उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेला कामगार, आणि दुकानात कारकुनी करणारा मराठी तरुण, या दोघांसही कामाच्या जवळ जागा हवी असते. त्यातच ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो मार्गावरील एक स्थानक याच नाक्याच्या नावाने आखलेले असल्याने जागेची ओढ वाढणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. गरजवंतास अक्कल नसते, अशी म्हण आहे. आमच्या मते त्यास अक्कल असते, पण ती बोलून दाखविण्याची सोय नसते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून अमलात आहे. त्याच्या कलम 55 अन्वये भाडेपट्टा असो वा ‘लिव्ह अँड लायसन्स’ असो, करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. तो चुकल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद, किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात; आणि करार नोंदलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे म्हणेल तेच, विरुद्ध शाबीत होईपर्यंत, खरे धरले जाते. अकरा महिन्यांचा कागद केला की नोंदणी लागत नाही, अशी जी समजूत बाजारात रूढ आहे, ती 1908 च्या नोंदणी कायद्यावरून निघालेली असून या राज्यात निरुपयोगी आहे.

कोणी घरमालक म्हणेल की, कागद करून दिला तर भाडेकरू घर बळकावून बसेल. ही भीती निराधार होती असे आम्ही म्हणत नाही. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याखाली गोठलेली भाडी व पिढ्यान्‌पिढ्या न सुटलेल्या जागा अनेकांनी पाहिल्या आहेत. तथापि आज गोष्ट नेमकी उलट झाली आहे. परवान्याची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्यास कलम 24 प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून बाहेर काढता येते, व त्या काळापुरती दुप्पट रक्कमही वसूल करता येते. हे संरक्षण लेखी करारावरच उभे आहे. म्हणजे ज्या कागदास मालक भितो, तोच त्याचा पहारेकरी होय. भाडेकरूनेही ध्यानात ठेवावे की, दिलेल्या भाड्याची पावती मागणे हा त्याचा हक्क आहे, आणि सबळ कारणावाचून त्याचे पाणी वा वीज तोडण्याचा अधिकार मालकास नाही.

परंतु कागदाहून मोठी गोष्ट भिंतींची आहे. 21 सप्टेंबर 2020 रोजी पहाटे, लोक झोपेत असता, याच नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळली. सुमारे 40 माणसे मेली. त्यांत मुले पुष्कळ होती. इमारत तीस वर्षांहून अधिक जुनी होती. महानगरपालिका अधिनियमाचे कलम 265-अ सांगते की, तीस वर्षे झालेल्या इमारतीची नोंदणीकृत अभियंत्याकडून तपासणी करून बळकटीचे प्रमाणपत्र घ्यावे. हे कर्तव्य मालकाचे किंवा भोगवटादाराचे आहे. पण घर पाहावयास गेलेला मनुष्य भाडे विचारतो, अनामत विचारतो, पाणी किती वाजता येते ते विचारतो; इमारतीचे वय मात्र विचारीत नाही. मालकही त्याची जात विचारतो, धर्म विचारतो, घरात मांस शिजते काय ते विचारतो. ज्या छताखाली त्यास निजवावयाचे त्याविषयी अवाक्षर काढीत नाही. या चौकशीची दिशा बदलणे हीच खरी सुधारणा होय.

धोक्याची नोटीस आल्यावरही लोक का राहतात, याचेही उत्तर दिले पाहिजे. एकदा बाहेर पडलो तर हक्क गेला, ही जुन्या भाडेकरूंची धास्ती असते. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली शहा रतनसी खिमजी यांच्या खटल्यात असा निर्णय दिला आहे की, केवळ इमारत पडली किंवा पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क नष्ट होत नाही. ही गोष्ट किती घरांपर्यंत पोचली आहे? परवान्यावर राहणाऱ्यास मात्र हा आधार नाही. त्याच्यापाशी हक्कही नाही आणि दुसऱ्या अनामतीस पैसाही नाही, म्हणून तो भेगाळलेल्या भिंतीस कॅलेंडर टांगून राहतो.

यास्तव आमच्या तीन सूचना आहेत. महापालिकेने धोकादायक इमारतींची यादी केवळ कचेरीत न ठेवता प्रत्येक अशा इमारतीच्या दारावर मराठी, हिंदी, उर्दू व तेलुगू भाषांत लावावी. घरमालकांनी करार नोंदल्यावाचून व इमारतीचे प्रमाणपत्र दाखविल्यावाचून अनामत घेऊ नये. आणि कारखानदार व व्यापारी यांनी, ज्यांच्या मागांवर व दुकानांवर ही माणसे राबतात, धोक्याच्या घरातून निघणाऱ्या कामगारास नव्या अनामतीपुरती रक्कम उचल म्हणून द्यावी व ती पगारातून हप्त्याहप्त्याने वळती करावी. उचल देणे भिवंडीस नवीन नाही. ती लग्नकार्यास मिळते. जीव वाचविण्यासही मिळावी, एवढेच आमचे मागणे आहे.