ऊर्ध्व वातावरणातील क्षणिक प्रकाश

गडगडाटी ढगांतील विजेमुळे त्या ढगांच्याही वर, सुमारे १०० किमी उंचीपर्यंत, क्षणभर उमटणाऱ्या प्रकाशाचे अनेक प्रकार आहेत. लालसर 'स्प्राइट' नायट्रोजनच्या रेणूंमुळे उजळतो; 'एल्व्ह' हे प्रकाशाचे कडे सहस्रांश सेकंदाच्या आत शेकडो किमी पसरून विझते. स्प्राइटचे पहिले चित्र १९८९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांना मिळाले, तेही अग्निबाणासाठीच्या कॅमेऱ्याची चाचणी घेताना.

जमिनीवरून पाहताना ढग आड येतात, शिवाय अतिनील किरण वातावरणातच शोषले जातात. त्यामुळे अवकाशातील निरीक्षणे मोलाची ठरली. जानेवारी २००३ मध्ये कल्पना चावला ज्या मोहिमेत होत्या, त्या कोलंबिया यानातील इस्रायली प्रयोगाने स्प्राइट व एल्व्ह टिपले. परतताना यान नष्ट झाले. मात्र उड्डाणादरम्यानच पृथ्वीवर पाठवलेली चित्रे वाचली. तैवानच्या फॉर्मोसॅट-२ (२००४) या उपग्रहावरील 'आयसूअल' उपकरणाने एल्व्ह हाच सर्वाधिक आढळणारा प्रकार असल्याचे दाखवले. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर युरोपचे 'एसिम' उपकरण बसवण्यात आले.

अंधेरी-बोरिवलीच्या झगमगाटात स्प्राइट दिसणे अवघडच. मात्र कुलाबा वेधशाळेचा वारसा चालवणाऱ्या, नवीन पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या प्रयागराज प्रयोगशाळेने ते जमिनीवरून टिपले आहेत.